डावा दिवा

साहेब, माझ्या आईचा डावा डोळा तुम्ही अडवून ठेवलाय. अडवून ठेवलाय हा शब्द मी सभ्यपणाने वापरतोय, घरी बायको याहून सरळ शब्द वापरते. तुम्ही म्हणाल, मी कुठला अडवणार, ते समितीचं काम, समितीत आणखी माणसं आहेत. आहेत ना. त्या सगळ्यांसाठी मी कधी ना कधी गाडीचं दार उघडलंय, त्यामुळे ओळखतो. तुम्ही मान हलवली की त्यांच्या माना हलतात, तुम्ही शिंकलात तर ते रुमाल काढतात. खात्यातल्या माणसांच्या दुखण्याखुपण्यावर आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांच्या औषधपाण्यावर खर्च करायचा की नाही हे ठरवणारी ती समिती म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही म्हणजे माझ्या गाडीच्या मागच्या सीटवरची डावी बाजू, जिथला फोम तुमच्या वजनाने कायमचा खाली बसलाय. हे सगळं मी आत्ता मनातल्या मनात बोलतोय. गाडी पोर्चमध्ये उभी आहे, इंजिन चालू आहे, दिवे लावलेले आहेत. तुम्ही पायऱ्या उतरताय, फोन कानाला आहे, आणि अजून तुमचं समोरच्या काचेकडे लक्ष गेलेलं नाही. जाईल. काल गेलं तसं आजही जाईल, आणि आज ते जावं म्हणूनच मी गाडी अशी उभी केली आहे.

ही काच तुमचीच. आधी इथे साधी विटांची भिंत होती, तिला पाठ टेकून आम्ही ड्रायव्हर लोक ऊन खायचो. ती पाडून तुम्ही खालपासून वरपर्यंत काच लावून घेतलीत, कारभार पारदर्शक दिसावा म्हणून. त्या काचेतून आतलं काहीही दिसत नाही. समोर जो उभा असतो त्याला तो स्वतः दिसतो, केस सारखे करावेसे वाटतात, आणि आत काय चाललंय हे विचारायला आलो होतो हे तो विसरतो. पोर्चचं वळण असं काढलंय की गाडी आधी काचेवर चालून जाते आणि अगदी शेवटी वळते. संध्याकाळी दिवे लावून तिथे थांबलं की समोरून दुसरी गाडी येऊन नाकाला नाक लावून उभी आहे असं वाटतं. काल त्या दुसऱ्या गाडीचा एक डोळा पांढरा होता आणि एक पिवळा. मला ते दोन आठवडे माहीत होतं. तुम्हाला ते कळलं, कारण बाहेरून आलेले तुमचे पाहुणे, तुमच्याहून मोठे साहेब, पायरीवर थबकले आणि म्हणाले, "काय हो, तुमची गाडी डोळा मारतेय की काय आपल्याला?" आधी तुम्ही हसलात, कारण मोठे साहेब हसले होते. मग तुम्ही काचेत बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावरून हसू उतरलं ते सरळ माझ्या मानेवर येऊन बसलं.

"हा काय प्रकार आहे?"

"एक बल्ब गेला होता, साहेब. नवीन टाकला. त्याचा रंग जरा..."

"एक बदलला की दुसराही बदलायचा असतो. जोडी असते ती. एवढी साधी अक्कल नाही?"

"स्टोअरमधून एकच..."

"एक पांढरा, एक पिवळा. अशाने समोरचं धड दिसत तरी असेल का?"

"हो, साहेब," मी म्हणालो. 'हो, साहेब'ला अर्थ नसतो. तो आवाज आहे, दार लावताना होतो तसा. माझ्या तोंडातून तो इतक्या वेळा निघालाय की मी झोपेत म्हणतो असं बायको सांगते. पण काल तो म्हणताना माझे कान टवकारले. जोडी असते ती. अशाने समोरचं धड दिसत तरी असेल का. ही वाक्यं मी कुठे ऐकली होती? नेमकी हीच, फक्त जरा मऊ आवाजात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी म्हटली होती. आईची हनुवटी त्या यंत्राच्या पट्टीवर टेकवून त्या म्हणाल्या होत्या, उजवा छान झालाय, आता डावाही लगेच करायला हवा, अशा वेगळ्या दोन डोळ्यांची चष्म्याने गाठ पडणार नाही. तुमचं आणि त्यांचं मत जुळतं, साहेब. तुम्ही ते बल्बबद्दल मांडलंत, इतकाच फरक.

आता एकच का मिळाला ते ऐका. उजवा बल्ब गेला तेव्हा मी स्टोअरमध्ये गेलो. आपल्या स्टोअरवाल्याला सगळे कुलूप म्हणतात, कारण कपाटाला आणि तोंडाला त्याने एकाच प्रतीचं लावलंय. जुना बल्ब त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, दोन दे.

"गेले किती?"

"एक."

"मग दोन कशाला? एक खायला?"

"दुसरा पिवळा पडलाय. जुना आहे. नव्याशेजारी रंग वेगळा दिसेल."

"जळतो ना?"

"जळतो."

"मग झालं. जिवंताच्या जागी दुसरा मिळत नाही. मेला की घेऊन ये, मी स्वतः खांदा देईन."

तो आपल्याच विनोदावर खोकल्यासारखा हसला आणि एक बल्ब पुढे सरकवला, तोही कुठल्या वेगळ्याच कंपनीचा, निळसर पांढरा, थंड. कुलपाचा राग यायचा तर कुलूप करणाऱ्याचा यावा. हा माणूस वीस वर्षं एका लोखंडी कपाटासमोर बसून तुमचा नियम राखतोय आणि त्याला वाटतं तो नियम दगडात कोरलेला आहे. काल तुम्ही पायरीवरून एक फोन केलात. चहा निवायच्या आत कुलूप धावत आला, शर्टाचं एक टोक बाहेर, हातात एकाच पाकिटातले दोन बल्ब. जुना कुठेय, गेले किती, काही नाही. उजवा तर नवाच होता, पण तोही काढायला लावलात, कारण जोडी एका पाकिटातली हवी. मोठे साहेब आत चहा घेत होते आणि मी बॉनेट उघडून उभा होतो, आणि मला पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ दिसली: दगडात काहीही कोरलेलं नाही. तुम्हाला लाज वाटण्याची देर आहे. तुम्हाला लाज वाटली की नियम लोण्यासारखा कापला जातो.

बल्ब बदलायला फारसं काही लागत नाही. मागची रबरी टोपी काढायची, वायरीचा प्लग उपसायचा, तारेची पकड दाबून बाजूला सारायची. फक्त काचेला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं तर तापल्यावर त्याच जागी काच फुटते. मी फडक्याने धरतो, आणि ते फडकं आईच्या डब्यातलं असतं, लोकरी कापडाचं, वितीएवढं. आई रफू करते. करते म्हणायचं की करायची, हा सध्या आमच्या घरातला प्रश्न आहे. बाप लवकर गेला तेव्हापासून लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवून तिने मला वाढवलं. रफू म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, तुमचं फाटलं की तुम्ही नवीन घेता. ठिगळ म्हणजे भोकावर झाकण. रफू म्हणजे भोक नव्हतंच. कापडाचा जो उभा धागा तुटला तो उभा भरायचा, आडवा तुटला तो आडवा, वर-खाली, वर-खाली, जसं मागावर विणलं असेल तसं. धागा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, शिंपी तिथे जी माया सोडतात तिच्यातून. माया उरली नसेल तर मग आईचा डबा, त्यात करड्या रंगाचीच इतकी रिळं की लहानपणी मला वाटायचं जगात रंग एकच आहे आणि तो करडा आहे. लहानपणी ती मला खेळायला एक काम द्यायची: रफू केलेला कपडा पसरून म्हणायची, शोध. मी बोटं फिरवत बसायचो. सापडलं तर मला शेंगदाणे, नाही सापडलं तर ती हसायची. मला शेंगदाणे फार कमी मिळाले. आई नम्र वगैरे मुळीच नाही, साहेब. गिऱ्हाईक म्हणालं की मावशी, कळतसुद्धा नाही हो, तर ती म्हणायची, कळलं असतं तर तुम्ही आला असता का.

तिचे डोळे इतक्या हळू गेले की आम्हाला कळलंच नाही. दोन्ही एकदम, सारखेच, जोडीने. दोन्ही सारखे पिवळे होत गेले तर माणसाला वाटतं जग जुनं होत चाललंय, आपण नाही. उजव्याचं ऑपरेशन झालं, ते तुमच्या समितीने मंजूर केलं, त्याबद्दल मी गाडी थांबवून तुमचे आभार मानले होते आणि तुम्ही "हं" म्हणाला होतात. पट्टी सुटल्यावर घरी आलो तर आई दारातच थांबली. "रंग कधी दिलात?"

"कशाला?" बायको म्हणाली.

"भिंतीला."

"अहो आई, कुठला रंग. तोच आहे, तेलकट, तुमच्या डोक्याचा डाग पण तिथेच आहे."

आईने तळव्याने उजवा डोळा झाकला, मग डावा, मग परत उजवा. "या डोळ्याने दूध आहे," ती म्हणाली, "आणि या डोळ्याने चहा." मग तिने मला समोर उभं केलं आणि तसंच झाकून-उघडून पाहिलं. "तू मात्र दोन्हींनी काळाच आहेस." त्या दिवशी आम्ही फार हसलो. बायको स्वयंपाकघरातून चमचे, वाट्या, साबण, जे हाताला लागेल ते आणून दाखवत होती आणि आई दर वेळी दोन रंग सांगत होती, एक जुना, एक नवा. मला वाटलं, काय मजा आहे, एका घरात दोन घरं. इतका मूर्ख आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

मग ट्रम्पेटवाला आला. तो बँडमध्ये वाजवतो, आईचं जुनं गिऱ्हाईक. बँडचा कोट गडद निळा, रात्रीसारखा, कोपरावर भोक. आत शिवणीत माया उरली नव्हती, कोट दोनदा उसवून ढिला केला होता, कारण ट्रम्पेटवाला वाजवतो त्याहून जास्त खातो. आईने डब्यातून धागा काढला. आता काय झालं ते नीट समजून घ्या, कारण डॉक्टरीणबाईंनी मला ते दोनदा समजावलंय आणि तुम्हाला एकदाही समजावून घ्यावंसं वाटलं नाही. नवा उजवा डोळा लांबचं बघतो. त्याच्यात बसवलेलं भिंगच तसं आहे. जवळचं अजून जुना डावाच बघतो, आणि त्याला सगळं चहातून दिसतं, निळं तर दिसतच नाही. सुई जवळ, धागा जवळ, कोट मांडीवर. निवडलं डाव्याने. निळ्या कोटावर तिने काळा धागा भरला. वीण एकही चुकली नाही. उभा उभा, आडवा आडवा, बोट फिरवलं तर काहीच लागणार नाही. ट्रम्पेटवाला कोट घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आला. दारात उभा राहिला, आत येईना.

"मावशी, राग मानू नका. हे जरा... दिव्याखाली दिसतं. बँडवाले म्हणाले, ठिगळ कुठून लावलं."

ठिगळ. मी तेव्हा घरी होतो, बूट काढत होतो, आणि मला वाटलं आता ही त्याला सुईच टोचते. ती शांत होती. "घाल कोट," म्हणाली. त्याने घातला. तिने डावा डोळा झाकला. "मागे हो. अजून. अजून मागे. जिन्यापर्यंत जा." तो बिचारा मागे मागे सरकत जिन्याच्या कठड्याला टेकला आणि कोपर वर करून उभा राहिला. तेवढ्या लांबून तिला दिसलं. नवा डोळा लांबचं फार छान बघतो. तिच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते बाप गेला तेव्हाही नव्हतं. तेव्हा दुःख होतं, ही लाज होती. ती म्हणाली, "ये. काढ. उसवते."

उसवलं तिने. पण भरता येईना. चष्मा लावून जवळचं दोन्ही डोळ्यांनी बघायला गेली की सुया दोन, एक निळसर, एक पिवळी, आणि दोन्ही एकमेकींच्या बाजूने सरकतात. एक डोळा बंद केला तर खोली कळत नाही, सुई कापडाच्या अलीकडेच हवेत बुडते. बायको धागा ओवून द्यायची, रंग सांगायची, आई म्हणायची, "अगं, रंग तू सांगितलास तर रफू तुझं झालं." मी विचारलं, दोनांतली खरी सुई कुठली हे कसं कळतं? "टोचली की कळतं," ती म्हणाली आणि बोट दाखवलं. शेवटी ट्रम्पेटवाला भोक असलेला कोट घेऊन गेला. आमच्या घरातून भोक असलेला कपडा बाहेर गेला तो पहिलाच. त्यानंतर डबा पलंगाखाली गेला. आई खिडकीशी बसते आणि लांबच्या इमारतींवरच्या पाट्या वाचून दाखवते. सगळ्या बरोबर वाचते. विमा, दंतचिकित्सा, शिकवणी. ही बाई आयुष्यभर वितीएवढ्या अंतरात राहिली आणि तुम्ही तिला क्षितिज दिलंत.

"विचारलंत का त्यांना?" बायको रोज विचारते. "रोज पाठीशी घेऊन फिरता. मागे वळून एक वाक्य बोलायचं, त्याला काय तिकीट पडतं?"

तिला कसं सांगू की मागे वळता येत नाही. ड्रायव्हरला मागे वळायची सोयच नाही. तुम्ही मला मानेवरून ओळखता आणि मी तुम्हाला आरशातल्या पट्टीवरून, भुवईपासून मिशीपर्यंत. नऊ वर्षं आपण एकाच दिशेला तोंड करून बसलोय. त्या पट्टीवरून मी तुमचा सगळा स्वभाव शिकलो, कधी गाणं लावायचं, कधी काच खाली करायची, कधी खोकायचंसुद्धा नाही. तुम्हाला माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की केस कापायला झालेत की नाही. तरी मी ठरवलं होतं. काल, पाहुण्यांना सोडल्यावर, परतताना विचारायचं. नवे दिवे लागले होते, रस्ता पांढराशुभ्र, दोन्ही झोत बरोबर एकमेकांत मिसळलेले. खरं सांगतो, छान दिसत होतं. मला दोन सारख्या दिव्यांचा तिटकारा नाही, साहेब. मला कळतं ते किती छान असतं, तेच तर. मी घसा साफ केला. तेवढ्यात तुमचा फोन वाजला आणि तुम्ही समितीची कामं उरकायला लागलात. पलीकडून कुणीतरी एकेक वाचत होतं आणि तुम्ही हो, नाही, हो करत होतात, कांदे निवडल्यासारखे. मग तुम्ही म्हणालात, "कोणाची आई? ड्रायव्हर? असेल कुणीतरी. एक डोळा झालाय ना? मग दुसरा कशाला. एकाने भागतं. नाही म्हणून टाक. पुढचं."

असेल कुणीतरी. मी आरशात बघितलं. पट्टीत तुमच्या भुवया होत्या, शांत, सारख्या. तुम्ही लपवत नव्हतात, साहेब. लपवायला आधी माणूस समोर आहे हे माहीत असावं लागतं. दुष्ट माणसाचा राग येतो, त्याच्याशी भांडता येतं, त्याला निदान आपला नेम धरावा लागतो. तुमचा मला रागसुद्धा आला नाही. किळस आली. ज्या तोंडाने, ज्या संध्याकाळी, चहा निवायच्या आत एका पत्र्याच्या डब्याचे दोन्ही डोळे सारखे करून घेतलेत, त्याच तोंडाने, तोंड पुसायलाही न थांबता, हे 'नाही'. आणि मी गाडी चालवत राहिलो. सिग्नलला थांबलो, हिरवा झाल्यावर निघालो, तुमच्या फाटकाशी गती कमी केली कारण तिथल्या उंचवट्यावर तुमची कंबर दुखते. उतरताना तुम्ही म्हणालात, "आता कसं, गाडी गाडीसारखी दिसते," आणि मी म्हणालो, हो, साहेब.

घरी आईने माझ्या बुटांच्या आवाजावरूनच ओळखलं. "नाही म्हणाले का?"

"हो."

"काय म्हणाले?"

मी तिला शब्द सांगितले. वाटलं, लपवावं, पण जिच्यापासून भोक लपत नाही तिच्यापासून काय लपवायचं. तिने ऐकून घेतलं. बायको काहीतरी सरळ शब्द बोलली, आईने तिला हाताने गप्प केलं आणि विचारलं, "त्यांनी कधी सुई ओवली असेल का रे?" मी म्हटलं, नसेल. "मग त्यांना एकाने भागतच असेल," ती म्हणाली, आणि परत खिडकीकडे वळली, वाचण्यासारखं काही आहे का बघायला. डावा डोळा खासगीत करायचा म्हटलं तर विकण्यासारखी एकच वस्तू मी रोज हाताळतो, ती ही गाडी, आणि ती तुमची. मी कपडे बदलताना खिशात काहीतरी लागलं. जुना डावा बल्ब. काल घाईत कुलूप तो परत न्यायला विसरला होता, आणि मी तो फडक्यात गुंडाळून खिशात टाकला होता. काच पिवळी पडलेली, आतली तार शाबूत. जिवंत. आईने तो हातात घेतला, काचेला बोट न लावता, कापडासकट. धाग्याची आणि काचेची माणसं वस्तू सारख्याच धरतात. उजवा झाकून बघितला, डावा झाकून बघितला. "हा माझा," म्हणाली आणि मला परत दिला.

म्हणून आज दुपारी, तुमची बैठक चालू असताना, मी बॉनेट उघडलं. थांबणं हीच माझी खरी नोकरी, चालवणं मधूनमधून, त्यामुळे वेळ भरपूर होता. रबरी टोपी काढली, प्लग उपसला, पकड दाबली. कालचा नवा डावा बल्ब काढला आणि आईच्या फडक्यात ठेवला. जुना लावला. शेजारचा ड्रायव्हर बघत होता. "अरे, उलटं काय करतोयस? काल शिव्या खाल्ल्यास ना?" मी म्हटलं, खाल्ल्या. "मग?" मी म्हटलं, पोट भरलं नाही. तो डोक्याला हात लावून निघून गेला. माझी नोकरी जाईल असं त्याला वाटत असेल. मलाही वाटतं. ती गेली तर उजव्या डोळ्याच्या औषधाचे थेंबही जातील, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. मी ते सगळं बॉनेट पडायच्या आवाजाबरोबर एकदा मोजून बघितलं आणि तरी बॉनेट परत उघडलं नाही.

आता तुम्ही शेवटच्या पायरीवर आहात. फोन खिशात जातोय. मी इंजिन चालू ठेवून बाहेर येऊन उभा आहे, दाराच्या बाजूला नाही, बॉनेटच्या बाजूला, दोन दिव्यांच्या मध्ये. तुम्हाला काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही, कारण मी अशा जागी कधी नसतो. मग तुम्ही काचेत बघता.

"हे काय? काल बदलले होते ना?"

"बदलले होते. डावा मी परत जुना लावला."

"का?"

"एकाने भागतं, साहेब."

तुम्ही माझ्याकडे बघता. मानेकडे नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि मला दिसतं की तुमच्या चेहऱ्याला मिशीच्या खालीही भाग आहे, तिथे एक ओठ आहे, आणि तो जरा उघडा राहिलाय.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. रस्ता दिसतो, खड्डे दिसतात. लोकांना गाडी जरा तिरळी दिसेल, तेवढंच. काल तुम्हीच विचारलंत, अशाने समोरचं धड दिसत तरी असेल का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. नाही दिसत. सुया दोन दिसतात."

"कसल्या सुया?"

मी फडकं उघडतो. नवा बल्ब, पांढरा, एकही बोट न लागलेला. आणि आता मी मनात नाही, मोठ्याने बोलतो. हा आत्ता बसवतो, तुम्ही दारापर्यंत पोचायच्या आत गाडी गाडीसारखी दिसेल. पण त्याआधी मला सांगा, काल फोनवर तुम्ही ज्या डोळ्याला नाही म्हणालात तो कुणाचा, हे आता तरी कळलं का? 'असेल कुणीतरी'चा नाही. तो माझ्या आईचा. मी कुणीतरी नाही, मी इथे उभा आहे, तुमच्यापासून हातभर, आणि तुम्हाला हातभर अंतरावरचं दिसतं, दोन्ही डोळ्यांनी, एकाच रंगात. आतली माणसं काचेशी यायला लागली असतील. काच आहे, साहेब, त्यांना आपण दिसतो, आपल्याला ते नाही. घड्याळात बघू नका. फोन काढू नका, निदान मला नाही म्हणण्यासाठी तरी काढू नका. काल ज्याला लावला होता त्याला लावायचा असेल तर लावा. त्या काचेत बघा, तिथे एक पांढरा आहे आणि एक पिवळा, आणि मध्ये मी. जोडी असते ती, असं तुम्ही म्हणालात, मी नाही. एक झाला. दुसरा कधी करताय? मला समितीचं उत्तर नको, तुमचं हवंय, तोंडावर, आत्ता. दुसरा कधी?